सांगलीत अपंग हक्कांवरचा माहितीपट दाखवायचाय? आधी टेप घेऊन हॉल मोजा

आमच्या वाचनालयाच्या गटाने असा कार्यक्रम पहिल्यांदा केला, तेव्हा हॉल पहिल्या मजल्यावर होता. लिफ्ट नव्हती. चर्चेसाठी बोलावलेली आमची मैत्रीण व्हीलचेअर वापरते. चार पोरांनी तिला खुर्चीसकट एकोणीस पायऱ्या वर नेलं. आम्ही बाजूने "सावकाश, सावकाश" करत चढलो आणि वर पोचल्यावर चक्क टाळ्या वाजवल्या. तिने एवढंच विचारलं, "खाली कधी आणणार ते आत्ताच सांगा, म्हणजे पाणी किती प्यायचं ते मला ठरवता येईल."

हॉलमध्ये अपंगांच्या हक्कांवरचा माहितीपट सुरू होणार होता आणि आमची पाहुणी तहान मोजत बसली होती. दुसऱ्या वेळी आम्ही बरंच सुधारलो, तिसऱ्या वेळी कार्यक्रम खरोखर जमला. आता साताऱ्याहून, कऱ्हाडहून, इकडे पलूस-तासगावहून लोक विचारतात की कसं केलंत. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

१. हॉलच्या आधी माणसं

आमची पहिली चूक म्हणजे ठरवणाऱ्या सात जणांत एकही अपंग व्यक्ती नव्हती. पाहुणे म्हणून बोलावलं, पण ठरवताना विचारलं नाही. तुम्ही पहिल्याच बैठकीला निदान तिघांना बोलवा: व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणारं कुणी, एक बहिरी व्यक्ती आणि एक अंध व्यक्ती. तिघांच्या गरजा वेगळ्या, कधीकधी एकमेकींच्या आड येणाऱ्या. बहिऱ्या प्रेक्षकांना सांकेतिक भाषेच्या दुभाषीवर उजेड हवा असतो, पडद्याला अंधार. हे तिघांना समोरासमोर बसवल्यावर दहा मिनिटांत सुटतं, नाहीतर कार्यक्रमाच्या दिवशी भांडण होतं.

ओळखी नसतील तर तालुक्यातल्या दिव्यांग संघटनेकडे किंवा मूकबधिर विद्यालयातल्या शिक्षकांकडे जा. चहाला जा, निवेदन घेऊन नको. आणि बैठक तळमजल्यावर घ्या. (हसू नका, आमची दुसरी बैठकही माडीवर झाली होती.)

२. माहितीपट निवडताना

अपंगत्व म्हटलं की पहिली सूचना येते, "एखादं प्रेरणादायी दाखवा." आपल्या जिल्ह्यात तर नाव लगेच निघतं. पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. अभिमान वाटतोच. पण खेळाडूची गोष्ट दाखवली की चर्चा "जिद्द असेल तर सगळं होतं" इथे येऊन थांबते आणि पंचायतीच्या दारात रॅम्प का नाही, हा प्रश्न कुणी काढत नाही. हक्कांवर बोलायचं असेल तर हक्कांसाठी भांडलेल्या माणसावरचा माहितीपट घ्या.

आम्ही 'क्रिप कॅम्प' हा २०२० चा अमेरिकी माहितीपट घेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या अपंग मुलांच्या एका उन्हाळी शिबिरापासून तो सुरू होतो आणि तिथे जमलेल्या पोरांमधून पुढे चळवळ कशी उभी राहिली ते दाखवतो. त्यातल्या ज्युडिथ ह्युमन यांच्याभोवती आम्ही चर्चा बांधली. जन्म १९४७ चा. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. शाळेत घालायला नेलं तेव्हा मुख्याध्यापकांनी परत पाठवलं, कारण काय, तर व्हीलचेअरमुळे आग लागल्यास धोका. पुढे शिक्षिकेचा परवाना नाकारला गेला, तेव्हा १९७० मध्ये त्या कोर्टात गेल्या आणि परवाना मिळवला. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत त्यांच्यासह शंभराहून जास्त अपंग कार्यकर्ते तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले. मागणी एकच: केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या कुठल्याही ठिकाणी अपंगत्वावरून भेदभाव करता येणार नाही, हे १९७३ च्या कायद्यातलं कलम ५०४ अमलात आणा. प्रशासनाने फोन तोडले, तर आतल्या बहिऱ्या कार्यकर्त्यांनी खिडकीत उभं राहून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप दिले. आमच्या खेळाला मूकबधिर विद्यालयाची माजी विद्यार्थी मंडळी आली होती. तो प्रसंग आला आणि त्यांच्या दोन्ही रांगांमध्ये हातांची एकदम धांदल उडाली.

परदेशी गोष्ट लोकांना लांबची वाटेल ही भीती होती, म्हणून सुरुवातीला पाच मिनिटं जावेद आबिदी यांच्यावर बोललो. १९९५ च्या आपल्या पहिल्या अपंगविषयक कायद्यासाठी आणि २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न यावा म्हणून लढलेला हा व्हीलचेअरवरचा माणूस. २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले असताना कुतुबमिनारसारख्या स्मारकांवर लाकडी रॅम्प लागले, ते आबिदींनी धरलेल्या आग्रहामुळे. आबिदी ४ मार्च २०१८ ला गेले, ह्युमन ४ मार्च २०२३ ला.

निवडलेला माहितीपट आयोजकांपैकी दोघांनी तरी शेवटापर्यंत आधी बघा. या माहितीपटात तरुण मुलं प्रेम आणि शरीरसंबंधांवर मोकळेपणी बोलतात. आम्हाला तो भाग मोलाचा वाटला, पण आठवीचे वर्ग घेऊन येणाऱ्या सरांना हे आधी कळलेलं बरं.

३. परवानगी

घरचं ओटीटी खातं घरच्यापुरतं असतं. हॉलमध्ये शंभर माणसांना दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शन, त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. तिकीट नसलं तरी लागते. "आपण कुठे पैसे घेतोय" हे वाक्य तुमच्या बैठकीतही येईल, तेव्हा हा परिच्छेद दाखवा.

नेटफ्लिक्स काही निवडक माहितीपटांना एकवेळच्या शैक्षणिक प्रदर्शनाची मुभा देतं. तुमचा माहितीपट त्यात आहे का ते आधी तपासा आणि अटी नीट वाचा. तिकीट, देणगीचं आवाहन, जाहिरात, प्रायोजक यातलं काही चालत नाही. म्हणजे पडद्याशेजारी सराफी पेढीचा फ्लेक्स लावता येणार नाही. भारतीय माहितीपट असेल तर सरळ दिग्दर्शकाला मेल करा. बहुतेक जण आनंदाने परवानगी देतात, कधी स्वतः चर्चेलाही येतात. त्याच मेलमध्ये सेन्सॉर प्रमाणपत्राचंही विचारा. ते फक्त थिएटरच्या सिनेमाला लागतं असा समज आहे, पण सार्वजनिक प्रदर्शन म्हटलं की माहितीपटालाही लागू होतं.

कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातली प्रत करायला सूट आहे. ती सूट म्हणजे सगळ्या गावासाठी खेळ लावायची परवानगी, असा अर्थ काढू नका. मराठी उपशीर्षकं करणार असाल तर तेही परवानगीच्या पत्रात स्पष्ट मागून घ्या.

४. तारीख आणि वेळ

३ डिसेंबर टाळा. जागतिक दिव्यांग दिन म्हणून सगळ्यांना तीच तारीख सुचते आणि त्या दिवशी संघटनांचे लोक, विशेष शाळांचे शिक्षक, दुभाषी, सगळे सरकारी कार्यक्रमांत अडकलेले असतात. ४ मार्च आम्हाला फार आवडली होती, पण दहावी-बारावीच्या परीक्षा आडव्या आल्या आणि निम्मे स्वयंसेवक पालक निघाले. शेवटी फेब्रुवारीतला एक रविवार धरला.

वेळ दुपारची ठेवा. जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडून येणाऱ्या माणसाला परतीची एसटी उजेडात मिळाली पाहिजे. कुबड्या घेऊन मुक्कामी गाडीच्या गर्दीत चढणं काय असतं ते विचारा कुणालाही. आम्ही दोनला सुरू केलं आणि पाचच्या आत संपवलं. दोन म्हणजे दोन. प्रमुख पाहुण्यांसाठी थांबलात की शेवटी चर्चाच कापली जाते.

५. जागा: फोनवर विश्वास ठेवू नका

दुसऱ्या वेळी मी हॉलच्या व्यवस्थापकांना फोन केला. "रॅम्प आहे का?" "आहे ना ताई, एकदम मस्त." जाऊन बघते तर मोटारसायकल आत घ्यायला केलेला सिमेंटचा उतार. तीन पायऱ्या, मिळून एकवीस इंच उंची, आणि उतार सहा फुटांचा. व्हीलचेअरसाठी मानक उतार एकास बारा असतो, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. एकवीस इंचांना एकवीस फूट हवेत. सहा फुटांच्या त्या घसरगुंडीवर खुर्ची मागे उलटली असती.

तेव्हापासून मी पर्समध्ये टेप ठेवते. काय मोजायचं ते सांगते.

दाराची रुंदी चौकटीत मोजू नका. दार पूर्ण उघडा आणि फळी ते चौकट जेवढी मोकळी जागा उरते ती मोजा. नव्वद सेंटिमीटर मिळाले तर उत्तम. साध्या व्हीलचेअरची रुंदी सव्वीस इंचांच्या आसपास असते, शिवाय हात चाकावर असतात, कोपरांना जागा लागते. मग स्वच्छतागृह. तिथे नुसतं दार बघून परत येऊ नका. आत जाऊन दार लावता येतं का, कमोड आहे का, धरायला काही आहे का, ओली फरशी घसरते का, हे सगळं बघा. हॉल चांगला असून फक्त स्वच्छतागृहापायी आम्ही दोन जागा सोडल्या. व्यवस्थापकांना ते नाटकी वाटलं. वाटू दे.

शेवटी विश्रामबागच्या बाजूला एक तळमजल्याचा हॉल मिळाला. दाराशी एकच पायरी, सात इंचांची. इथे एक उपयोगाची गोष्ट कळली: प्लायवूडचा पूर्ण शीट आठ फूट बाय चार फूट असतो. आठ फूट म्हणजे शहाण्णव इंच, भागिले बारा म्हणजे आठ. तर न कापलेला एक शीट आठ इंचांपर्यंतच्या एका पायरीला बरोबर पुरतो. जाड प्लाय घ्या, खाली लाकडी रिपा ठोका, वर खरखरीत पट्टी चिकटवा आणि दोन्ही कडांना दोन इंचांची पट्टी मारा म्हणजे चाक बाहेर जाणार नाही. आमच्या सुताराने आधी वर छान सनमायका लावून आणला होता, गुळगुळीत. तो काढायला लावला. रॅम्प बसवल्यावर खुर्चीत एका धडधाकट माणसाला बसवून चार वेळा चढवून-उतरवून बघा, पाहुण्यांवर प्रयोग नको.

व्हीलचेअरच्या जागा शेवटच्या रांगेमागे ठेवायची पद्धत आहे, का कोण जाणे. मधल्या रांगांतल्या कडेच्या दोन-तीन खुर्च्या काढा, म्हणजे माणूस आपल्या घरच्यांशेजारी बसतो. हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवर येणारे बरेच असतात. ती दारातून आत येत नाही, म्हणून एक-दोन रिकाम्या व्हीलचेअर दाराशी ठेवा, नाहीतर माणूस सरपटत आत येतो आणि आपण बघत राहतो. मागे जादा चाकं लावलेल्या स्कूटरना रॅम्पजवळची सावलीतली जागा राखून ठेवा.

६. भाषा: ऐकू न येणाऱ्यांसाठी, न दिसणाऱ्यांसाठी, आणि इंग्रजी न कळणाऱ्या बाकी सगळ्यांसाठी

सगळ्यात जास्त मेहनत इथे गेली.

उपशीर्षकांची फाइल ओटीटीवर आपल्याला घालता येत नाही. आम्ही नाटकवाल्यांची युक्ती वापरली. पडद्याखाली एक मोठा टीव्ही ठेवला, त्यावर स्लाइड: एका स्लाइडवर मराठीत दोन ओळी, काळ्यावर पांढरी मोठी अक्षरं. एकजण संवाद ऐकत बटण दाबत पुढे नेतो. प्रत्येक वाक्य भाषांतर करत बसलो तर डोळे फक्त खालीच राहतात हे तालमीत कळलं, मग सारांश करून सुमारे सहाशे स्लाइडवर आणलं. बटण दाबणाऱ्याने माहितीपट किमान तीन वेळा पाहिलेला हवा. स्वतःची फाइल असेल आणि संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरवर लावणार असाल, तर उपशीर्षकं यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. ती मागे-पुढे होत असतील तर जी आणि एच या कळांनी सरकवता येतात. टीव्ही किंवा पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट तरी वर हवी. पुढच्यांच्या डोक्यांमागे गेलेली ओळ कुणाच्याच कामाची नाही.

सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन लागतात. एकाला सलग दोन तास जमत नाही, वीस-तीस मिनिटांनी बदली करावी लागते. त्यांना माहितीपट आठवडाभर आधी दाखवा. मानधन द्या, "समाजकार्य आहे" म्हणून टाळू नका. उभे कुठे राहायचं आणि दिवा किती लावायचा हे बहिऱ्या प्रेक्षकांनाच ठरवू द्या. आम्ही पडद्याच्या उजवीकडे साधा टेबल लॅम्प लावला, त्याला पुठ्ठ्याची झडप करून उजेड फक्त दुभाषीच्या छातीपासून चेहऱ्यापर्यंत पडेल असा वळवला. दुभाषींनी गडद, एकरंगी कपडे घालावेत. पहिल्या वेळी ताई बुट्ट्यांची पैठणी नेसून आल्या होत्या, हातच दिसेनात.

अंध प्रेक्षकांसाठी वर्णन हवं. महागडी यंत्रं नव्हती, म्हणून व्हॉट्सॲपचा ग्रुप कॉल केला. प्रत्येकाच्या कानात स्वतःचा इअरफोन, तोही एकाच कानात, म्हणजे दुसऱ्या कानाने हॉल ऐकू येतो. मागच्या कोपऱ्यात बसून आमची एक मैत्रीण हळू आवाजात सांगत होती: आता कोण दिसतंय, काय चाललंय, आणि संवाद मराठीत. तिच्याशिवाय सगळ्यांनी आवाज बंद ठेवायचा, नाहीतर प्रतिध्वनी येतो. चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड ठेवा. गंमत म्हणजे वाचता न येणाऱ्या दोन आज्यांनीही नंतर तोच कॉल जोडून मागितला.

७. पोस्टर

थोडक्यात सांगते. "व्यंगावर मात" नको, "बिचारे" छापाचं काही नको, चाकाच्या खुर्चीवर मावळता सूर्य नको. सरकारी कागदांवर "दिव्यांग" असतं. चळवळीतल्या काहींना तो शब्द पटत नाही, ते "अपंग" म्हणतात. आमच्या मंडळींनी "अपंग हक्क" निवडलं, तुमच्यातल्यांना विचारा. पोस्टरवर हे मात्र नक्की लिहा: रॅम्प आहे, स्वच्छतागृहात व्हीलचेअर जाते, दुभाषी आहेत, वर्णनाची सोय आहे, आणखी काही लागत असेल तर या नंबरवर कळवा. व्हॉट्सॲपवर नुसतं चित्र टाकू नका, खाली तोच मजकूर टाइप करा. अंधांच्या फोनला चित्रातली अक्षरं भरवशाने वाचता येत नाहीत.

८. सोबत ठेवायच्या गोष्टी

- परवानगीच्या मेलची छापील प्रत आणि हॉलची पावती
- हॉल बंदिस्त नसून अंगणात किंवा मैदानात दाखवत असाल तर ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी. रात्री दहानंतर उघड्यावर आवाज चालत नाही
- लॅपटॉप, चार्जर, दोन एचडीएमआय केबल (पहिली ऐन वेळी रुसते)
- मोबाइल इंटरनेटचे दोन वेगळे पर्याय
- दोन कॉर्डलेस माइक, जादा सेल
- टेप, चिकटपट्टी, वायरींवर टाकायला रबरी पट्टी. उघडी वायर ही पांढऱ्या काठीची आणि कुबडीची वैरी
- कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेनं

एक सापळा: जुन्या प्रोजेक्टरला कन्व्हर्टर लावून ओटीटी चालवलं की कधीकधी आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. ते कॉपी-संरक्षणामुळे होतं, प्रोजेक्टर बिघडलेला नसतो. आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच केबलने, त्याच खात्यावरून दहा मिनिटं चालवून बघा.

९. चर्चा

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ यांना फाटा द्या. आमच्याकडे एका हितचिंतकांनी मध्यंतरात दोन व्हीलचेअर वाटायची आणि फोटो काढायची तयारी केली होती. हात जोडून थांबवलं. थोडे रागावले, पण पुढच्या वेळी आले.

संचालन अपंग व्यक्तीने करावं. माइक माणसाकडे जावा, माणसाने माइककडे येऊ नये. प्रत्येकाने बोलण्याआधी नाव सांगावं, कारण बोलतंय कोण हे सगळ्यांना दिसत नसतं. ज्यांना उभं राहून बोलायचं नाही त्यांच्यासाठी चिठ्ठ्या.

पहिला प्रश्न "कसा वाटला?" असा नको. आमच्या संचालिकेने विचारलं, "ह्युमनना शाळेने आगीचं कारण सांगितलं. तुम्हाला आजवर कुठली कारणं सांगितली गेली?" मिनिटभर शांतता. मग कृष्णाकाठच्या गावातले एक काका बोलले. "२०१९ च्या महापुरात आम्हाला सांगितलं, वरच्या मजल्यावर जा. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी चाळीस फुटांवर आलं की इशारा, पंचेचाळीसला धोका, हे गावातल्या पोरासोरांना पाठ आहे. मला वर कोण नेणार ते कुणालाच पाठ नव्हतं." त्यानंतर तासभर सभा पुरावरून हलली नाही. आम्ही काढलेल्या प्रश्नांची यादी तशीच खिशात राहिली.

अशा वेळी कायद्याचा एक कागद हाताशी असला की बोलणं हवेत जात नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. त्याच्या कलम ८ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंग व्यक्तींची नोंद ठेवायची असते आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायची असते. हे वाचून दाखवल्यावर काकांनी तीच ओळ परत वाचायला लावली. कलम ९२ प्रमाणे अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं हा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हेही बहुतेकांना नवीन होतं. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, हा प्रश्न चिठ्ठीतून आला. खेड्यात खेळ लावणार असाल तर त्याची तयारी करून जा.

१०. नंतर

दाराशी एक टेबल ठेवा आणि तिथे यूडीआयडी कार्डाची, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची, माहिती देणारं कुणीतरी बसवा. फोटो, सही किंवा अंगठा, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि आधीचं अपंगत्व प्रमाणपत्र असेल तर ते, एवढी यादी मोठ्या अक्षरांत छापून वाटली. माहितीपटाइतकीच गर्दी त्या टेबलाला होती.

चर्चेत ठरलेलं त्याच दिवशी कागदावर घ्या. आम्ही आपत्ती नोंदीबद्दल जिल्हा कार्यालयाला द्यायचं पत्र तिथेच लिहिलं, दुभाषींनी ते खुणांनी सांगितलं, एकाने वाचून दाखवलं, मग सह्या-अंगठे. पोच घ्यायला विसरू नका, शिक्क्यासह.

प्लायवूडचा तो रॅम्प आमच्या वाचनालयाच्या जिन्याखाली उभा करून ठेवलाय. आतापर्यंत एक साखरपुडा, दोन ग्रामसभा आणि एका मतदान केंद्रावर जाऊन आलाय. सांगली-साताऱ्यात कुणाला कार्यक्रमासाठी हवा असेल तर न्या, भाडं नाही. आठ दिवस आधी सांगा आणि पायरीची उंची मोजून आणा. उचलायला दोन माणसं आणि एक छोटा हत्ती टेंपो लागतो.